मूठ

काजानीत ऑक्टोबर लागला की
नदीवरून धुकं चढतं, दुकानाच्या काचेला आतून घाम येतो
आणि माणसं मुठींची चौकशी करत येतात.
तापणाऱ्या मुठी. मोटरसायकलच्या.
मी तीन प्रकार काउंटरवर मांडते:
एक अख्खी बदलायची, जाड, रबरी,
एक जुन्या मुठीखाली लपवायची पातळ पट्टी,
आणि एक नुसती वेल्क्रोने गुंडाळायची.
ती मी विकत नाही खरं तर, फक्त दाखवते,
म्हणजे बाकीच्या दोन बऱ्या वाटतात.

ओइवा कार्पिनेन आला तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती.
दोन्ही हात जाकिटाच्या खिशात.
बत्तीस वर्षं जंगलात करवत धरलेला माणूस,
पेट्रोलवरची करवत, दिवसभर थरथरणारी.
अशा माणसांची बोटं आमच्याकडे
गारठ्यात सोललेल्या बर्चसारखी पांढरी पडतात
नि कुणी ती दाखवत नाही.
झाकली मूठ.

"किती वॉट खातात?"
त्याची गाडी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी,
जनरेटर म्हातारा,
दिवा आणि ठिणगी यांचं जेमतेम भागवणारा.
पावतीच्या पाठीवर मी हिशेब मांडला:
दिवा पंचावन्न, मुठी छत्तीस,
आणि पुढे सोत्कामोपर्यंत चाळीस किलोमीटर काळोख,
जिथे वळणावर कधी एल्क उभा असतो
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.
"म्हणजे बघायचं की धरायचं, एवढंच ना?"
तो हसला नाही, म्हणून मीही नाही.

एलईडी बल्ब घालू, मी म्हटलं,
पंचावन्नचं काम अठरात होईल,
उरलेली वीज हातांकडे वळवू.
असं वळवता येतं हे त्याला पटेना.
घरात एकच खोली तापवून
तिच्यातच सगळा हिवाळा काढलेली
ही माणसं.

मग जाडी.
रबरी मुठीवर त्याचा डावा हात
मोज्यासकट पुरता मिटला नाही.
अंगठा आणि बोटं यांच्यात एक फट राहिली.
क्लच त्याच हाताला.
तेव्हा पातळ पट्टी, हे तिथेच ठरलं,
किंमत विचारायच्याही आधी.

"लावून दाखव."
टेबलावरच्या बॅटरीशी मी वायर नेली,
दोन पट्ट्या दोन नळ्यांवर चढवल्या.
त्याने मोजे काढले, सावकाश, दातांनी ओढून.
उजवी धरली. "आली," लगेच म्हणाला.
डावी धरून खिडकीकडे पाहत राहिला.
बाहेर पुलावरचे दिवे एकेक लागत होते.
"आली. छान ऊब आहे."

डावीची वायर माझ्या हातात होती.
जोडायचीच होती अजून.

मी ती खाली ठेवली, आवाज न करता.
"हो," म्हटलं, "डावी जरा लवकर तापते."

त्या रात्री दुकानात थांबून
डावीच्या वायरीत एक रेझिस्टर
डाख देऊन बसवला,
म्हणजे बटण कितीही दाबलं
तरी कातडी भाजेल इतकी ती चढणार नाही.
भाजलं तर त्याला सांगणार कोण?
दोन युरो चाळीस सेंटचा माल.
पावतीवर लिहिला नाही.

नोव्हेंबरात तो पुन्हा आला,
पहिला बर्फ टिकायच्या दोन दिवस आधी.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले, धुरावर भाजलेले मासे
उजव्या हाताने काउंटरवर ठेवले.
डावा खिशात.

कशा आहेत मुठी?

"उजवी ठीक," तो म्हणाला.
"डावी मात्र... काय तापते!"

मी कागद उघडला.
मासे अजून कोमट होते.